पारव्याचे दूध

अंधेरी पश्चिमेला इमारतींच्या गराड्यात गिल्बर्ट हिलचा काळा कातळ सुमारे दोनशे फूट सरळ उभा आहे. माणसाला हा कातळ आणि शेजारची इमारत यांतील भेद सहज कळतो. पारव्याच्या लेखी मात्र दोन्ही कडेच. मुळात हा पक्षी डोंगरकपारीत, लेण्यांत, जुन्या विहिरींच्या कोनाड्यांत राहणारा. अरुंद, सपाट आणि वरून झाकलेली जागा एवढेच त्याचे मागणे. एसीमागच्या फळीवर त्याला ते तयार मिळते. शहरातील कबुतरे म्हणजे याच पारव्याची, माणसाने हजारो वर्षे पाळलेली आणि पुढे मोकळी सुटलेली संतती होय. शास्त्रीय नाव कोलंबा लिव्हिया.

२०२५ च्या पावसाळ्यात मुंबईतील कबुतरखाने बंद झाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि अनेक कुटुंबांचा पिढ्यानपिढ्यांचा नेम खंडित झाला. ऑक्टोबरअखेरीस महापालिकेने सकाळी ७ ते ९ या वेळेपुरत्या चार जागा तात्पुरत्या ठरविल्या. त्यांपैकी एक अंधेरीतील लोखंडवाला बॅक रोडवरील कांदळवनाच्या भागात आहे. या वादात बाजू पुष्कळ मांडल्या गेल्या, परंतु ज्याच्यावरून वाद झाला त्या पक्ष्याच्या शरीररचनेविषयी फारसे कोणी बोलले नाही. वास्तविक सारे मर्म तेथेच आहे.

बहुतेक पक्ष्यांना पिल्ले वाढविण्यासाठी किडे लागतात. चिमणी स्वतः दाणे टिपते, पण पिल्लांच्या चोचीत अळ्या व कीटकच घालते; त्यामुळे अंगणात कितीही दाणे टाकले, तरी आसपास झाडेझुडपे नसतील तर तिची पिल्ले जगत नाहीत. पारव्याला ही अडचण नाही. त्याच्या गळ्याखाली धान्य साठविण्याची पिशवी असते; तिला अन्नपुट म्हणतात. अंडी फुटण्याच्या दोन-तीन दिवस आधी या पिशवीचे अस्तर जाड होते आणि प्रथिने व स्निग्धांश यांनी भरलेल्या पेशी तेथून सुटू लागतात. दह्याच्या गोळ्यांसारखा दिसणारा हा पदार्थ म्हणजे पारव्याचे दूध. पहिले काही दिवस पिल्ले केवळ त्यावर वाढतात. पुढे त्यात भिजलेले धान्य मिसळत जाते. विशेष म्हणजे हे दूध नर आणि मादी दोघांनाही येते. मातेच्या स्तन्याला कारण ठरणारे प्रोलॅक्टिन हेच संप्रेरक येथेही काम करते. किंबहुना १९३३ च्या सुमारास ऑस्कर रिडल या अमेरिकी शास्त्रज्ञाने त्याला हे नाव दिले, ते कबुतराच्या अन्नपुटावरील प्रयोगांतूनच.

संसाराची वाटणीही पाहण्यासारखी आहे. अंडी दोन. सकाळी उशिरापासून दुपार सरेपर्यंत नर ती उबवतो, उरलेला वेळ व रात्र मादी. साधारण अठरा दिवसांत पिल्ले बाहेर येतात, चार-पाच आठवड्यांत उडतात. धान्य मुबलक असले तर पहिली पिल्ले घरट्यात असतानाच मादी पुढची अंडी घालते आणि विणीचा हा क्रम वर्षभर चालू राहतो. ज्वारीची मूठ म्हणजे केवळ आजच्या थव्याची न्याहारी नव्हे. तिच्यातूनच दूध होते आणि दुधातून पुढचा थवा. जमा बाजूला अशी रोज भर पडत असताना शिल्लक वाढणारच.

स्वित्झर्लंडमधील बाझल शहराचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरे मारण्यात आली, तरी संख्या वीस हजारांच्या आसपासच राहिली. मेलेल्यांची जागा नवी पिल्ले भरून काढीत. १९८८ पासून धोरण बदलले. नागरिकांना दाणे कमी टाकण्याचे आवाहन झाले आणि देखरेखीखालील कबुतरघरे उभारून तेथील अंडी काढून घेतली गेली. अंडी काढणे आपल्या वाचकांना रुचणार नाही, हे उघड आहे. पण तेथील संशोधकांनीही अधिक भर दिला तो दाणे कमी करण्यावर. चार-पाच वर्षांत थवे निम्म्यावर आले.

गर्दी पारव्यालाही सुखाची नसते. दाटीवाटीत रोग व परोपजीवी झपाट्याने पसरतात, दुबळी पिल्ले घरट्यातच दगावतात. माणसाच्या बाजूने पाहता, वाळलेली विष्ठा व पिसांची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेल्यास काहींच्या फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते आणि ती लांबली तर फुप्फुसे कायमची कडक होतात. ज्यांच्या खिडकीशी घरटी आहेत, अशा घरांतील दमेकऱ्यांनी व वृद्धांनी रेंगाळणारा कोरडा खोकला डॉक्टरांपासून लपवू नये.

पारवे पकडून दूर सोडणेही निरुपयोगी, कारण शेकडो किलोमीटरवरून घर शोधणे ही तर त्यांची ख्याती. खिडकीला जाळी लावावयाची असल्यास काटक्या जमू लागण्यापूर्वीच लावावी. अंडी दिसली, तर साधारण सात आठवडे थांबावे लागते. आणि तेवढ्यात त्याच फळीवर दुसरी दोन अंडी पडलेली नाहीत ना, हे रोज पाहावे लागते.