कुणब्याची तवानगी : प्रभावळीच्या पत्राचा कृषिदृष्ट्या विचार

शिवकालीन पत्रव्यवहारांत प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास शिवाजी महाराजांनीं ५ सप्टेंबर १६७६ रोजीं पाठविलेलें पत्र अभ्यासकांस सुपरिचित आहे. त्यांतील भाजीच्या देठाचा उल्लेख तर सर्वतोमुखी झाला आहे. त्यामुळें हें पत्र बहुधा राजनीतीचा दाखला म्हणून पुढें करण्यांत येतें. लहान शेतकऱ्याच्या अडचणींचें जें बारकाईचें विवरण त्यांत आहे, तिकडे लक्ष कमी जातें. प्रस्तुत लेखांत तेवढ्याच भागाचा विचार कर्तव्य आहे.

प्रभावळी हा गांव हल्लीं रत्नागिरी जिल्ह्याच्या लांजें तालुक्यांत मोडतो. मुलूख डोंगराळ, पीक मुख्यत्वें भाताचें. अशा ठिकाणीं नांगरणीच्या वेळीं जोतास बैल नसला, म्हणजे सारें वर्ष वायां गेलें असें समजावें. सुभेदारास आज्ञा आहे ती अशी : त्यानें गांवोगांव फिरावें, कुणबी गोळा करावे आणि प्रत्येकापाशीं माणूसबळ, बैल व दाणे किती आहेत याची चौकशी करावी. ज्यापाशीं सर्व संच आहे, त्याची चिंता नाहीं. ज्यापाशीं माणसें आहेत, पण बैल, नांगर किंवा पोटास दाणे नाहींत, त्यास दोनचार बैलांचे रोख पैसे व खंडी दोन खंडी धान्य देऊन, त्याच्यानें होईल तितकें शेत करवावें. ज्यास कष्टाची उमेद आहे, पण मागील बाकीनें जो मोडला आहे, त्याची बाकी तूर्त तहकूब ठेवून हुजूर कळवावें.

वसुलाची रीतही लक्षांत घेण्याजोगी आहे. दिलेलें मुद्दल वाढीदिढीशिवाय, कुणबी ‘तवाना’ म्हणजे सशक्त झाल्यावर, हळूहळू घ्यावयाचें. वाढीदिढी म्हणजे उसन्या धान्यावर दीडपटीपर्यंत परत घेण्याची चाल. पावसाळ्यांत धान्य महाग असतां तें उचलावयाचें व सुगींत स्वस्त असतां वाढीसह फेडावयाचें, यांत गरीब कुणबी दुहेरी नाडला जाई. सारा रोकड न घेतां ऐनजिनसी घ्यावा व सरकारानें तो सांठवून योग्य वेळीं विकावा, असें जें याच पत्रांत आहे, त्याचें मर्मही हेंच. बाजारभावाचा धोका कुणब्याच्या माथीं न पडतां सरकारावर पडतो. या कामीं दोन लाख लारींपर्यंत खर्चाची मोकळीक होती. (लारी हें कोंकणांत चालणारें चांदीच्या तारेचें नाणें.)

हा केवळ दानधर्म नव्हे. पडजमीन लागून वसूल वाढावा, हा हेतु पत्रांत उघड आहे. मात्र सारा वसूल करणारा व मदत देणारा हात एकच असला, म्हणजे रयतेचा विश्वास राहील किंवा कसें, हा प्रश्न तेथेंच उद्भवतो. सुभेदारास प्रामाणिकपणाची एवढी कडक ताकीद कां, याचा उलगडाही यांतच होतो.

पुढील काळांत हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांनीं आला. इंग्रजी अमलांत रोकड साऱ्याची पद्धति दृढ झाली; १८७५ मध्यें सुपें येथून दंगे उसळले, त्यांचें मूळ सावकारी कर्जांत होतें. १८८३ व १८८४ च्या कायद्यांनीं सरकारी तगाईची व्यवस्था झाली. १८८९ मध्यें आलेले डॉ. व्होएल्कर यांनींही असाच अभिप्राय दिला कीं, येथील शेतकऱ्यास ज्ञानापेक्षां साधनांची उणीव अधिक आहे. १९५२ मध्यें समाजविकास योजनेबरोबर ग्रामसेवक खेड्यांत आला. त्याच्यापुढेंही उपदेश अधिक कीं साधनें अधिक, हाच पेंच होता.

परंतु पत्र ही आज्ञा होय. अंमलबजावणीचा पुरावा नव्हे. आज्ञा कितपत पाळली गेली, हें ठरविण्यास गांवचे तगाईचे हिशेब, कौलनामे, इस्ताव्याचे कागद व बाकीच्या यादी पाहिजेत. कुलकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें नष्ट झाल्यावर घरोघरचीं दप्तरें निरुपयोगी मानलीं जाऊं लागलीं. संग्राहकांचें लक्ष स्वाभाविकपणें शिक्क्यामोर्तबाच्या पत्रांकडे जातें, आणि ‘अमक्यास बैल एक, दाणे इतके’ अशा मोडी फर्द्या रद्दींत जातात. वस्तुतः त्या बैलाचे पैसे फिटले कीं नाहीं, हें सांगणारा कागद तोच आहे. असे रुमाल हातीं आल्यास ते फोडूं नयेत, गांव व घराण्याची नोंद करून एकत्र जपावेत, एवढीच संग्राहकांस विनंति आहे.