जुन्या नोंदी : शिळ्या, कुजलेल्या आणि बंद

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत कोणाही वापरकर्त्यास आढळलेला दोष नोंदविता येतो. अशा नोंदीस ‘इश्यू’ म्हणतात. नोंद करण्यास काही मिनिटे पुरतात; तिची शहानिशा करणे, दोष पुन्हा घडवून पाहणे व त्याचे कारण शोधणे यांस मात्र जाणत्या माणसाचे कित्येक तास लागतात. असे जाणते थोडे असल्यामुळे अनुत्तरित नोंदींचा ढीग साचतो आणि महत्त्वाची नोंद त्यात दडून जाते.

या अडचणीवर योजिलेला एक उपाय कालमर्यादेचा होय. गूगलने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘कुबरनेटीस’ या प्रकल्पात ९० दिवस हालचाल न झालेल्या नोंदीवर यंत्र ‘स्टेल’, म्हणजे शिळी, अशी खूण करते; आणखी ३० दिवसांनी ‘रॉटन’, म्हणजे कुजलेली; आणि त्यापुढील ३० दिवसांनी ती नोंद बंद होते. ‘फ्रोझन’, म्हणजे गोठविलेली, अशी खूण असलेली नोंद या क्रमातून सुटते.

ही सर्व रूपके अन्नाची आहेत, आणि नेमकी तीच दिशाभूल करतात. अन्न ठेवल्याने नासते. दोष ठेवल्याने नाहीसा होत नाही. शिवाय, ज्या नोंदीत सर्व तपशील आरंभीच दिलेला असतो तिच्यात भर घालण्याजोगे काही उरत नाही. म्हणजे उत्तम नोंदच अधिक काळ निःशब्द राहण्याचा संभव असतो. प्रकल्पाजवळ पुरेसे मनुष्यबळ नाही, हे कुबरनेटीसचे यंत्र आपल्या सूचनेत स्वतःच सांगते. तेव्हा या मौनाने मोजले जाते ते मनुष्यबळ. नोंदीची सत्यता नव्हे.

‘फेडोरा’ प्रकल्पातील प्रथा याहून भिन्न आहे. तेथील प्रत्येक आवृत्तीची देखभाल सुमारे १३ महिने चालते. ती संपली की त्या आवृत्तीवरील नोंदी बंद होतात. दोष नव्या आवृत्तीतही आढळल्यास तसे कळविण्यास नोंदकर्त्यास सांगितले जाते. येथे बंद करण्याचे कारण माणसांच्या मौनात नसून वस्तूच्या स्थितीत आहे.

‘बंद’ या एका शब्दात ‘दोष दूर झाला’ आणि ‘दोष आहे, परंतु आम्ही तो हाती घेणार नाही’ हे दोन्ही अर्थ सामावतात. ‘गिटहब’ने २०२२ साली ‘पूर्ण’ व ‘नियोजित नाही’ असे दोन पर्याय देऊन हा भेद मान्य केला. ढीग कमी करणे आवश्यकच आहे. परंतु कोणत्या अर्थाने नोंद बंद झाली हे न सांगितल्यास, प्रामाणिकपणे दोष कळविणाऱ्यास आपण खोटे ठरलो असे वाटते, आणि पुढील दोष तो कळवीत नाही.