जुने अवजड ट्रक (मालकी, दुरुस्ती व सुटे भाग)

आयुष्याची पहिली दहा-बारा वर्षे लांब पल्ल्याच्या वाहतुकीत घालवून पुढे जवळच्या कामावर आलेल्या मालवाहू वाहनास व्यवहारात 'जुना ट्रक' म्हटले जाते. ही कायद्यातील संज्ञा नव्हे. 'मालमोटार' हा शब्द पाठ्यपुस्तकांपुरता उरला आहे. रस्त्यावर 'ट्रक' किंवा नुसते 'गाडी' असेच म्हणतात. असा ट्रक चालू राहील की भंगारात जाईल, हे त्याच्या लोखंडाइतकेच परवाना आणि सुटे भाग या दोन गोष्टींवर ठरते. भंडारा जिल्ह्यातील लाखनी हे तालुक्याचे ठिकाण राष्ट्रीय महामार्ग क्र. ५३ वर (पूर्वीचा क्र. ६) नागपूर व रायपूर यांच्या दरम्यान आहे. तेथील परिस्थितीवरून हा विषय चांगला समजतो.

परवाना व योग्यता प्रमाणपत्र

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ८८ प्रमाणे १२ वर्षांहून जुन्या मालवाहू वाहनास राष्ट्रीय परवाना मिळत नाही. बहुअक्षीय वाहनांसाठी ही मर्यादा १५ वर्षांची आहे. त्यानंतर गाडी राज्याच्या परवान्यावर चालते. मुंबई-पुण्याच्या मालकास याची झळ कमी बसते, कारण त्याच्यासमोर मोठे राज्य पसरलेले असते. लाखनीहून मात्र पूर्वेकडे साकोली, देवरी ओलांडली की छत्तीसगड लागते, आणि जिल्ह्याच्या उत्तरेस मध्य प्रदेशातील बालाघाट आहे. म्हणजे बाराव्या वर्षी गाडीचा निम्मा रस्ता कागदावरच बंद होतो. उरते ते जिल्ह्यातील काम: खरेदी केंद्रावरून भात गिरणीत भरडाईसाठी धान नेणे, तांदूळ, विटा, बांधकामाचे सामान. हे काम हंगामी असते. नव्या गाडीचा हप्ता त्यावर भागणे कठीण. कर्ज फिटलेल्या जुन्या गाडीस ते परवडते.

आठ वर्षांनंतर योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. १५ वर्षांवरील वाहनांसाठी या नूतनीकरणाचे शुल्क २०२१ च्या अधिसूचनेने पुष्कळ वाढविले. त्याच वर्षी नोंदणीकृत वाहन निष्कासन केंद्रांचे नियमही आले. इंजिन बदलल्यास त्याचा क्रमांक नोंदणी पुस्तकात चढवून घ्यावा लागतो. हे राहिले की तपासणीच्या वेळी व गाडी विकताना अडचण येते.

जुन्या गाड्यांची यंत्ररचना

टाटा कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी केलेला करार १९६९ मध्ये संपला. तरी त्या घराण्यातील सहा सिलिंडरचे, सुमारे ५.७ लिटरचे '६९७' इंजिन पुढे अनेक वर्षे चालले. गाडीच्या नावातच तिची माहिती असे: '१६१३' म्हणजे सुमारे १६ टन एकूण भार व सुमारे १३० अश्वशक्ती. १९९३ मध्ये टाटा कमिन्स ही संयुक्त कंपनी निघाली आणि कमिन्स इंजिने आली. दुसरे मोठे नाव अशोक लेलँडचे. या कंपनीचा एक कारखाना १९८२ पासून गडेगाव येथे आहे व तो गिअर बॉक्ससाठी ओळखला जातो. कारखाना शेजारी असला तरी सुटा भाग त्याच्या फाटकावर मिळत नाही, तो विक्रेत्याकडूनच घ्यावा लागतो.

दुरुस्ती

या पिढीतील इंजिनांना डिझेल पुरविणारा पंप पूर्णतः यांत्रिक असतो. प्रत्येक सिलिंडरसाठी एक दट्ट्या असतो आणि एकदा सुरू झालेल्या इंजिनास चालू राहण्यासाठी विजेची गरज नसते. गाडीने हवा घेतली, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली, तर फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंपाने बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल चढवावे लागते. हे काम चालकही रस्त्यावर करतो. पंपाचे कॅलिब्रेशन मात्र यंत्रावरच व्हावे. काळा धूर निघताच पंपाचे सील तोडून 'डिझेल कमी' करून देणारे मिस्त्री असतात. त्यांच्यापासून दूर राहणे बरे.

झिजलेला क्रँकशाफ्ट टाकून द्यावा लागत नाही. तो ग्राइंडिंग करून ०.२५, ०.५० अशा मिलिमीटरच्या पायऱ्यांनी बारीक करतात आणि त्या मापाची बेअरिंगे बसवितात. शेवटच्या पायरीनंतर मात्र शाफ्ट बदलावाच लागतो. म्हणून जुनी गाडी घेताना शाफ्ट कितव्या मापावर आहे, हे रंग पाहण्याआधी विचारावे. तुटलेला पाटा वेल्डिंगने जोडण्याची पद्धतही दिसते. उष्णतेने पोलादाचा ताव जातो आणि भरल्या गाडीत तो पुन्हा तुटतो.

सुटे भाग

फिल्टर, क्लच प्लेट, ब्रेक लायनर, क्रॉस असे रोज लागणारे भाग महामार्गावरच्या गावांत मिळतात. मोठ्या कामासाठी नागपूर गाठावे लागते आणि तेथेही न मिळाल्यास दिल्लीच्या मायापुरीसारख्या जुन्या भागांच्या बाजारातून ट्रान्सपोर्टने मागवावे लागते. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक भाग बदललेले असतात. त्यामुळे जुना भाग नमुना म्हणून सोबत नेण्याचा प्रघात आहे. गिअर असेल तर दाते मोजून घ्यावेत. डिफरन्शियलमधील क्राउन व पिनियन ही जोडी एकत्र जुळवून तयार केलेली असते आणि दोहोंवर एकच क्रमांक कोरलेला असतो. वेगवेगळ्या गाड्यांतून आणलेले दोन चांगले भाग एकत्र बसविले तर आवाज येतो आणि थोड्याच दिवसांत दोन्ही खराब होतात.

मोडीत निघालेल्या गाडीतून हाउसिंग, केबिनचा दरवाजा किंवा गिअर बॉक्सचे कवच घेण्यास हरकत नाही. ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग मात्र नवेच घ्यावेत. तेथे वाचविलेल्या पैशाची किंमत गाडीसमोरून येणारा माणूसही मोजतो. नामांकित वेष्टनात विकले जाणारे बनावट भाग ही नेहमीची फसवणूक आहे. पक्के बिल मागितले की असा विक्रेता बहुधा टाळाटाळ करू लागतो.

१ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. त्यांनुसार आलेल्या बहुतेक अवजड गाड्यांत इंधनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक आहे. दोष शोधण्यास स्कॅनर लागतो. बीएस-४ च्या पहिल्या गाड्या आता जुन्या म्हणून विक्रीस येत आहेत. त्यांचे सेन्सर व नियंत्रक लेथवर घडविता येत नाहीत. म्हणून अशी गाडी घेण्यापूर्वी तिच्या नियंत्रकाची उपलब्धता व किंमत अधिकृत विक्रेत्याकडे विचारून घेणे इष्ट ठरते.