ट्रामच्या रुळातली माती

आगगाडीचे रूळ खडीवर उंच असतात. ट्राम मात्र भर रस्त्यातून धावते. मुंबईत ती १८७४ साली सुरू झाली. तेव्हा घोडे ओढत. १९०७ ला विजेची आली आणि १९६४ ला बंद पडली. माझे आजोबा लहानपणी तिच्यात बसले आहेत. ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरात ट्राम अजून आहे.

रस्त्यात रूळ वर आले तर गाड्या अडखळणार. म्हणून रूळ रस्त्याच्या बरोबरीने पुरतात आणि रुळालाच लांब खाच ठेवतात. ट्रामच्या चाकाची कड त्या खाचेतून फिरते. लूबा नावाच्या फ्रेंच माणसाने १८५२ साली असे रूळ बसवले.

पण खाच म्हटली की माती आलीच! चिखल, खडे, पाला सगळं तिच्यात जाऊन बसतं. ते दडपून घट्ट झालं की चाक वर उचलतं आणि ट्राम घसरते. विजेच्या ट्रामची वीज तारेतून येते नि रुळातून परत जाते. चाक आणि रूळ यांच्यामध्ये मातीचा थर आला तर ट्राम जागीच उभी!

मी गुरुजींना विचारलं, मग खाच रुंद का करत नाहीत? ते म्हणाले, "अरे, आहे त्या खाचेत सायकलचं चाक अडकतं. रुंद केली तर बैलगाडीचंही अडकेल." म्हणून अमेरिकेत काही रुळांच्या खाचेची एक बाजू उतरती केली. चाकाने माती दाबली की ती उतारावरून बाहेर सरकते. शिवाय खाचेच्या तळाला मधून मधून भोकं ठेवतात, त्यातून पाणी खालच्या गटारात जातं. तरी उरलेला गाळ खरवडावा लागतोच. आपल्या शेतातला पाट साफ करतात ना, तसंच. फक्त हा पाट दोन बोटं रुंद!