विद्यापीठ ग्रंथालये व संशोधन
विद्यापीठातील अध्यापन, अध्ययन व विशेषतः संशोधन यांस आवश्यक असे ग्रंथ, नियतकालिके, हस्तलिखिते, प्रबंध आणि अन्य ज्ञानसाधने यांचा संग्रह करून तो अभ्यासकांस उपलब्ध करून देणारी संस्था म्हणजे विद्यापीठ ग्रंथालय होय. सार्वजनिक ग्रंथालयात वाचकांच्या चालू मागणीस प्राधान्य असते. विद्यापीठ ग्रंथालयास मात्र ज्यास आज मागणी नाही, परंतु पुढील पिढीतील संशोधकास जे लागेल, तेही जतन करावे लागते. भारतातील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) ग्रंथालय हे विद्यापीठाच्या सर्व कार्याचे हृदय मानले.

महाराष्ट्रातील ग्रंथालये : मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. त्याच्या ग्रंथालयासाठी व राजाबाई मनोऱ्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली. पुणे विद्यापीठाची (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) स्थापना १९४९ मध्ये झाली. तेथील ग्रंथालयास पहिले कुलगुरू मु. रा. जयकर यांचे नाव देण्यात आले आहे. पुण्यातील डेक्कन कॉलेज, गोखले अर्थशास्त्र संस्था व भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर यांचे संग्रहही संशोधकांस तितकेच उपयुक्त ठरले आहेत.

संशोधनातील कार्य : संशोधनाचा आरंभ पूर्वी झालेल्या कार्याच्या शोधाने होतो. वर्गीकरण, तालिका, सूची व सारसंग्रह यांच्या साहाय्याने ग्रंथालय हा शोध सुकर करते. त्यामुळे द्विरुक्ती टळते आणि अनुत्तरित प्रश्न स्पष्ट होतात. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन् यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पंचसूत्रीत वाचकाचा वेळ वाचविणे हे एक सूत्र आहे. दुसरे कार्य पडताळणीचे. ज्या आधारावर निष्कर्ष काढला, तो आधार दुसऱ्या अभ्यासकास पाहता आला नाही, तर निष्कर्षाचे मोल उणावते.

भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे याचे ठळक उदाहरण होय. १९१९ मध्ये आरंभिलेले हे कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. १९२५ पासून वि. सी. सुखटणकर हे त्याचे प्रमुख संपादक होते. त्यासाठी निरनिराळ्या लिप्यांतील व प्रांतांतील १,२५९ हस्तलिखिते तपासण्यात आली. स्वीकृत पाठाबरोबर पाठभेदही तळटीपांत दिल्यामुळे संपादकांचा निर्णय वाचकास तपासता येतो. डेक्कन कॉलेजातील संस्कृत कोशाचे कार्य १९४८ मध्ये सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले. सुमारे १,५०० ग्रंथांतून शब्दांची टिपणे काढण्यात आली. मूळ ग्रंथ हाताशी नसते, तर हे कार्य अशक्यच होते.

अर्वाचीन विषयांसही हे लागू पडते. पुण्याहून भूगाव व पौड या गावांवरून मुळशीकडे जाता येते. या मुळशी परिसरात टाटा कंपनीच्या जलविद्युत् प्रकल्पाविरुद्ध १९२१ मध्ये शेतकऱ्यांचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट हे त्याचे प्रमुख नेते होते. पुणे विद्यापीठातील राज्यशास्त्राचे प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला. अशा विषयाची साधने तत्कालीन वृत्तपत्रे, पत्रके, सरकारी अहवाल व आठवणी यांत विखुरलेली असतात. प्रसिद्धीच्या वेळी क्षुल्लक वाटलेले पत्रक कोणीतरी जपून ठेवले, तरच जमीन गमावलेल्या लोकांची बाजू इतिहासात नोंदली जाते.

आधुनिक स्थित्यंतरे : संगणकीय सेवांमुळे ग्रंथालयाची भिंत हा ज्ञानाचा सीमारेषेचा प्रश्न राहिला नाही. १९९१ मध्ये सुरू झालेल्या इन्फ्लिबनेट योजनेने विद्यापीठ ग्रंथालयांच्या जाळ्याचा पाया घातला. त्याच्या ‘शोधगंगा’ या संग्रहात भारतीय विद्यापीठांतील प्रबंध सर्वांस खुले आहेत. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. तीनुसार शासकीय उच्च शिक्षण व संशोधन संस्थांस सुमारे १३,००० आंतरराष्ट्रीय नियतकालिके उपलब्ध होतात. त्यामुळे लहान गावांतील महाविद्यालयांचीही सोय झाली.

समस्या : विकत घेतलेला छापील अंक ग्रंथालयात कायम राहतो, वर्गणीने मिळणारा संगणकीय अंक वर्गणी थांबताच पुष्कळदा दिसेनासा होतो. शिवाय जुनी मराठी नियतकालिके, स्थानिक वृत्तपत्रे व ग्रामीण भागातील कागदपत्रे आंतरराष्ट्रीय संग्रहांत अभावानेच आढळतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रूढ झालेला आम्लयुक्त कागद काळाबरोबर ठिसूळ होतो. दमटपणा व कीड हानीत भर घालतात. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर झालेल्या हल्ल्यात ग्रंथ व हस्तलिखिते यांची नासधूस झाली. छापील ग्रंथाची दुसरी प्रत मिळू शकते. एकमेव हस्तलिखित नष्ट झाल्यास त्याची भरपाई होत नाही. म्हणून प्रतिमांकन, शास्त्रोक्त जतन आणि प्रशिक्षित ग्रंथपाल यांवरील खर्च हा संशोधनाचाच खर्च मानणे आवश्यक ठरते. परदेशी नियतकालिके पैसे देऊन मिळविता येतात. महाराष्ट्राच्या समाजजीवनाची साधने मात्र येथील ग्रंथालयांनीच राखावयाची आहेत.