द्विध्रुवी विकार : घरच्यांनी काय सांभाळावे?



घरात कोणाला मधुमेह झाला तर आपण तो चारचौघांत सांगतो. मनाचा आजार मात्र लपवतो, आणि त्यामुळे उपचाराला उशीर होतो. बायपोलर डिसऑर्डर, म्हणजेच द्विध्रुवी विकार, त्यातलाच एक. कधी उन्माद तर कधी खोल नैराश्य. मधल्या काळात माणूस बहुधा नेहमीसारखा वागतो. आमच्या मते घरच्यांचे खरे काम या शांत काळातच करायचे असते.

औषधे : "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत, आजार उलटतो. या आजारावर लिथियमचा उपयोग ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी १९४९ मध्ये दाखवला आणि ते आजही दिले जाते. मात्र त्याचे रक्तातील प्रमाण मर्यादेतच राहावे लागते. त्यासाठी शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी रक्त देतात. मूत्रपिंड व थायरॉइडच्या तपासण्याही वेळोवेळी होतात. शरीरातील पाणी किंवा मीठ कमी झाले की हे प्रमाण वाढते. म्हणून हरतालिकेचा निर्जळी उपवास, आपल्या गुजरातेतील अळणी व्रते आणि वडोदऱ्याचा मे महिना, तिन्ही बाबतींत आधी डॉक्टरांना विचारावे. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्याही मनाने घेऊ नयेत. उलट्या, जुलाब, हातांना जोरात कंप, तोल जाणे, बोलणे अडखळणे यांपैकी काही दिसल्यास पुढची गोळी न देता लगेच रुग्णालय गाठावे.

झोप : दोन-तीन तास झोपूनही माणूस ताजातवाना वाटू लागला, तर ती उन्मादाची चाहूल असू शकते. झोपेची रोज नोंद ठेवावी.

उन्मादात : वाद घालू नये. शांतपणे, थोडक्यात बोलावे. घरात गर्दी, गोंगाट टाळावा. रुग्ण जेवायला बसत नाही, तेव्हा ठेपला, लाडू, केळे असे फिरता फिरता खाता येईल ते हातात द्यावे. पाणी पाजत राहावे.

नैराश्यात : "मरावंसं वाटतं का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार वाढत नाही. उत्तर 'हो' असेल तर एकटे सोडू नये, गोळ्या आपल्या ताब्यात ठेवाव्यात आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

पैसा : आम्ही बँकवाले, म्हणून हे आवर्जून सांगतो. उन्मादात बचत उधळली जाते, नको ती कर्जे होतात. शांत काळात, रुग्णाच्या संमतीने, एटीएम व यूपीआयची मर्यादा कमी करून घ्यावी. मोठी ठेव संयुक्त नावाने ठेवावी. ती मुदतीपूर्वी मोडायला साधारणतः सर्वांच्या सह्या लागतात. पैसा त्याचा आहे, हे मात्र विसरू नये.

कायदा : मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार सज्ञान व्यक्तीला आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत हे आधीच लिहून ठेवता येते आणि आपला प्रतिनिधीही नेमता येतो.

वडोदऱ्यात कारेलीबागेत सरकारी मानसिक रुग्णालय आहे. 'टेली मानस'चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे. तिथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवावा. आणि एखाद्या घरात असा आजार आहे असे कळले, तर चौकशी नव्हे, सोबत करायला जावे.