चार डोकी, एक तोंड

गेली काही वर्षे मी महिन्यातून दोन शनिवार एका शाळेत आठवीच्या मुलांचा ‘नवनिर्मितीचा तास’ घेतो. माझा व्यवसाय संशोधनाचा. अध्यापनाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. त्यामुळे तुमच्यापैकी कोणाच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आली असती अशी एक चूक ओळखायला मला जवळजवळ वर्ष लागले.

प्रश्न साधा होता. दुपारची खिचडी खाऊन झाली की सगळी मुले एकदम नळावर ताटल्या धुवायला जातात. पाणी वाया जाते, नळाखाली चिखल होतो. काय करता येईल? मी फळ्यावर विचारमंथनाचे नियम लिहिले: कोणाच्याही कल्पनेला नावे ठेवायची नाहीत, अचाट कल्पनांचेही स्वागत, जितक्या जास्त तितक्या चांगल्या, आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालायला हरकत नाही. पहिल्या बाकावरचा मुलगा लगेच म्हणाला, “दाबली तरच पाणी येईल अशी तोटी बसवायची.” मी “वा!” म्हणालो आणि ते फळ्यावर लिहिले. मग पायाने दाबायची तोटी आली, आपोआप बंद होणारी तोटी आली, हात पुढे केला की सुरू होणारी तोटी आली. वीस मिनिटांत फळा भरला. मी खूष होतो.

तास संपल्यावर फळा पुसायला आलेली एक मुलगी हळूच म्हणाली, “सर, आई भाताचं पातेलं आधी भिजत घालते. मग धुवायला एवढं पाणी लागत नाही.”

मी फळ्याकडे पाहिले. 14 कल्पनांपैकी 10 तोट्यांच्या होत्या. ताटलीला चिकटून वाळलेला भात खरवडेपर्यंत नळ वाहत राहतो, हे कोणीच म्हटले नव्हते. “मग मघाशी का नाही सांगितलंस?” असे विचारल्यावर ती म्हणाली, “तेव्हा सगळे नळाचं बोलत होते ना.”

वर दिलेले चार नियम ॲलेक्स ऑस्बोर्न या अमेरिकन गृहस्थाचे. तो शास्त्रज्ञ नव्हता, जाहिरात कंपनी चालवणारा होता. आपल्या माणसांना नवे काही सुचावे म्हणून 1939 पासून तो अशा बैठका भरवू लागला. त्याने या पद्धतीला ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ म्हटले. या शब्दातले ‘स्टॉर्म’ म्हणजे वादळ नव्हे, तर चढाई. एकाच गडावर अनेकांनी एकदम तुटून पडावे, तसे एका प्रश्नावर अनेक मेंदूंनी तुटून पडायचे. 1953 साली त्याचे ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ हे पुस्तक आले आणि ही पद्धत जगभर पसरली. एकट्याने विचार करणाऱ्यापेक्षा गटात बसलेल्या माणसाला दुप्पट कल्पना सुचतात, असा त्याचा दावा होता.

दावा म्हटला की तपासणी आलीच. ती 1958 साली येल विद्यापीठात डोनाल्ड टेलर, पॉल बेरी आणि क्लिफर्ड ब्लॉक यांनी केली. त्यांनी 48 विद्यार्थ्यांचे चार-चारांचे 12 गट केले. दुसऱ्या 48 जणांना एकेकटे बसवले. प्रश्न सर्वांना तेच. त्यातला एक प्रश्न तर शिक्षकांच्याच जिव्हाळ्याचा होता: विद्यार्थिसंख्या वाढत असताना शाळांचा दर्जा कसा राखावा? दुसरा गमतीचा होता: माणसाला हाताला एक जादा अंगठा आला तर त्याचे फायदे-तोटे काय होतील?

तुलना कशी केली ते पाहण्यासारखे आहे. चौघांचा गट एका माणसापेक्षा पुढे असणार हे उघड आहे, आणि तो होताही. पण ती तुलना न्याय्य नाही. चार डोक्यांची तुलना चार डोक्यांशीच व्हायला हवी. म्हणून संशोधकांनी एकेकट्या बसलेल्यांतल्या चौघाचौघांचे कागद एकत्र केले, दोनदा आलेली कल्पना एकदाच मोजली, आणि अशा ‘कागदोपत्री गटा’शी खऱ्या गटाची तुलना केली. कागदोपत्री गटांच्या कल्पना जवळजवळ दुप्पट भरल्या. ऑस्बोर्नचा दावा नेमका उलटा पडला. पुढे असे प्रयोग अनेकांनी केले. निष्कर्ष बहुधा तोच निघाला.

असे का व्हावे? पहिला संशय आळसावर. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने 1913 साली दोर ओढण्याच्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. आठ जण मिळून दोर ओढतात तेव्हा जोर आठपट होत नाही, त्याच्या जवळपास निम्माच भरतो. सगळेच ओढताहेत म्हटल्यावर कोणी थोडा हात सैल सोडतो, शिवाय सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही. दुसरा संशय भीतीवर: नावे ठेवायची नाहीत असे कितीही सांगितले तरी ‘हसतील’ ही धास्ती जात नाही.

जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठातले मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी 1987 साली हे संशय एकेक करून तपासले. आळस आणि भीती यांचा थोडाफार वाटा निघाला, पण मुख्य आरोपी वेगळाच होता. त्यांनी माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवले. प्रत्येकापुढे दिवे. दुसरा कोणी बोलत असेल तर दिव्यावरून ते कळायचे आणि तोवर गप्प बसायचे. इथे तोंड पाहायला कोणी समोर नव्हते, तरीही या लोकांच्या कल्पना खऱ्या गटाइतक्याच घटल्या. ज्यांना दिव्यांकडे दुर्लक्ष करायची मुभा होती, ते मात्र एकेकट्यांइतकेच पुढे गेले. म्हणजे नुकसान होते ते थांबावे लागण्याने. गटाला डोकी चार असली तरी एका वेळी बोलणारे तोंड एकच असते.

वर्गाचा हिशेब करून पाहा. 35 मिनिटांचा तास, 42 मुले. प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर 50 सेकंद, तेही शिक्षकांनी तोंड उघडले नाही तर! उरलेला सर्व वेळ मूल काय करते? सुचलेली गोष्ट विसरू नये म्हणून मनात धरून ठेवते, आणि तेवढ्यात दुसरी सुचत नाही. शिवाय कानावर तोटी, तोटी, तोटी पडत राहिली की मनही त्याच नळाखाली जाऊन उभे राहते. माझ्या “वा!”ने त्यात भर घातली. निंदा वर्ज्य केली होती, पण स्तुती हाही निवाडाच आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

इतके असूनही गटात बसलेल्यांना वाटते की आपले फार छान चालले आहे. श्ट्रोबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली दाखवले की गटात ऐकलेल्या इतरांच्या कल्पनाही पुढे माणसाला आपल्याच वाटू लागतात. फळा भरल्यावर मला झालेला आनंद बहुधा याच जातीचा.

मग गट मोडून टाकायचा का? मला तसे वाटत नाही. क्रम बदलायचा. ऑस्बोर्ननेही एकट्याच्या विचाराला जागा ठेवली होती. त्याच्या बैठकांची नक्कल करताना आपण ती गाळली. आता मी आधी सात मिनिटे संपूर्ण शांतता ठेवतो आणि प्रत्येक जण कागदावर लिहितो. नाव घालायचे नाही. चित्र चालेल, शुद्धलेखन पाहिले जाणार नाही. त्यानंतर कागद फिरतात. ही कागद फिरवायची पद्धत बेर्न्ड रोरबाख या जर्मनाने 1968 साली मांडली: सहा जण, प्रत्येकी तीन कल्पना, दर पाच मिनिटांनी कागद शेजाऱ्याकडे. अर्ध्या तासात 108 जागा भरतात आणि कोणाला वाट पाहावी लागत नाही. आठवीच्या मुलांना तीन कल्पना जड जातात. मी दोनच मागतो. तिसऱ्या फेरीनंतर मुले कंटाळतात, तिथे थांबावे.

मोजणीही बदलली. जे. पी. गिलफर्ड या मानसशास्त्रज्ञाने सर्जनशील विचाराचा अभ्यास करताना दोन गोष्टी वेगळ्या काढल्या होत्या: किती कल्पना आल्या, आणि किती प्रकारच्या आल्या. दहा तोट्या म्हणजे दहा कल्पना, पण प्रकार एकच. मुलेच आता कागदांचे ढीग लावतात: नळाचे, ताटलीचे, वेळेचे, सांडलेल्या पाण्याचे. ज्या ढिगात एकच कागद असतो त्याच्याकडे आधी पाहायचे. निवड करताना हे फार जपावे लागते, कारण माणसे निवडायला बसली की सोयीची कल्पना घेतात आणि वेगळी बाजूला सारतात. बोलायची वेळ येते ती इथे, आणि इथे टीकाही चालते, फक्त ती कागदावर करायची, कागद लिहिणाऱ्यावर नाही.

इन्स्पायर-मानकसारख्या योजनांमुळे आणि 2016 नंतर अनेक शाळांत आलेल्या अटल टिंकरिंग लॅबमुळे ‘मुलांकडून कल्पना मागवा’ अशी पत्रे शाळांकडे येतात. तास थोडे, मुदत जवळ. अशा वेळी वर्गात उभे राहून “सांगा रे, काय सुचतं?” असे विचारले जाते, आणि नेहमीचे पाच-सहा हात वर होतात. शाळेतून जाणारी नावे त्या हातांतून ठरतात.

भिजवण्याची कल्पना आम्ही करून पाहिली. नळाखाली बादली ठेवून आधी एका ताटलीला किती पाणी लागते ते मुलांनी मोजले, मग टबात भिजवलेल्या ताटलीचे मोजले. शेवटी नळाखाली एकदा विसळावे लागतेच, तरी फरक उघड दिसला. दोन अडचणी निघाल्या. भरलेला टब कोणी उचलायचा यावरून भांडण झाले, आणि टबातल्या पाण्याला दुपारपर्यंत वास येऊ लागला. पुढच्या शनिवारचा प्रश्न मुलांनीच ठरवला आहे: तळाशी बसलेल्या भाताचे काय करायचे? कागद तिनेच कापून ठेवलेत.